दोन मेपर्यंत

केडगाव,
ता. ९ जानेवारी १९४९

मोहियोद्दीन,

तुझ्या आपाचा सलाम. कादरचे अब्बा आणि बानू खुशाल आहेत. मी कशी आहे ते विचारू नकोस, म्हणजे मला लिहावं लागणार नाही.

तू मुंबईच्या बंदर-सुरक्षा कचेरीचा मुख्य झालास, असा नगरहून निरोप आला. गोरा साहेब विलायतेला गेला आणि त्याच्या खुर्चीवर आपल्या पिंजारगल्लीतला पोरगा बसला. गल्लीत पेढे वाटले म्हणे. आमच्याकडेही एक आला होता, तो मी शेजारच्या गोजरबाईच्या नातवाला दिला. जिथं प्यायचं पाणी डोक्यावरून आणावं लागतं तिथला माणूस समुद्र सांभाळणार, याचं लोकांना मोठं नवल वाटतं. मला तुझ्या कचेरीचं एकच काम ठाऊक आहे. गेल्या मे महिन्यात कोकणच्या वाटेवर लाँच बुडाली, नऊ माणसं गेली, त्यात माझा कादर गेला, आणि तुझ्या कचेरीनं कागदावर 'वादळ' असं लिहून फाईल बांधून टाकली.

कादरला लाँचीवर तिकिटं तपासायच्या नोकरीला मामा म्हणून तूच लावलंस. ते मी काढत नाही. पण त्याला पोहता येत होतं, मोहियोद्दीन. देवीच्या डोंगराखालच्या विहिरीत तो वरून उडी टाकायचा आणि मी वर उभी राहून शिव्या द्यायचे. असा पोरगा चार हात मारल्याशिवाय बुडतो कसा? तूच मला लिहिलं होतंस की, किनाऱ्यावर तो सापडला तेव्हा ते तरंगायचं जाकीट त्याच्या अंगावर पक्कं बांधलेलं होतं. आणि ज्यांना जाकीट मिळालं नाही ते फळ्यांना धरून वाचले. सात महिने झाले, ही दोन वाक्यं मी एकापुढे एक ठेवून बघते आहे.

आता ती फाईल तुझ्या हाताखाली आहे. ते जाकीट कुणी भरलं, कुणी विकलं ते शोध. मला सबुरीचे चार शब्द लिहू नकोस, ते मौलवीसाहेब रोज सांगतात. मला तो माणूस धुळीला मिळालेला बघायचा आहे. माझ्या डोळ्यांदेखत.

शरिफा

*

मुंबई,
ता. १७ जानेवारी १९४९

प्रिय आपा,

सलाम. तुझं पत्र मी कचेरीत वाचलं आणि दार लावून घेतलं.

इथं मुख्य म्हणजे काय ते सांगतो. पश्चिम किनाऱ्यावरच्या साऱ्या लाँचींची तपासणी माझ्या सहीनं होते. किती उतारू घ्यायचे, दिवे कुठं लावायचे, होड्या किती, जाकिटं किती, हे सगळं माझ्याकडे. माझ्या सहीशिवाय लाँच धक्का सोडत नाही. कारकून मंडळी अजून माझ्याकडे तिरप्या नजरेनं बघतात. अर्धे म्हणतात, हाही पाकिस्तानात जाईल. अर्धे म्हणतात, ह्यानं समुद्र पाहिला केव्हा. मी एकवीस वर्षं याच कचेरीत घासली, हे कुणाच्या ध्यानात नाही.

तू सांगितलंस म्हणून फाईलची दोरी सोडली. कादरच्या जाकिटावर जो शिक्का होता त्याच शिक्क्याचं एक जाकीट वखारीत मिळालं. नियम असा आहे की, जाकिटाला आठ शेर लोखंड बांधून हौदात सोडायचं आणि ते चोवीस तास तरंगलं पाहिजे. मी स्वतः घड्याळ घेऊन हौदाशी उभा राहिलो. एक तास आणि दहा मिनिटं, आपा. मग ते तळाशी गेलं, दगडासारखं.

उसवून बघितलं. प्रत्येक जाकिटात चार पिशव्या असतात. त्यांत सावरीचा कापूस भरायचा असतो, तो पाणी पीत नाही. वरून सावरीच होती. आत गाभ्यात मात्र साधी रुई, पाणी पिऊन लोळागोळा झालेली. कादर पोहत राहिला असेल आणि ते त्याला खाली ओढत राहिलं असेल. हे तुला लिहू नये असं वाटलं, तरी लिहिलं. त्याला नियमानं जाकीट बांधायला सांगणारा मीच होतो.

हा माल सन त्रेचाळीसचा, लढाईतला. अडीचशे जाकिटं. ठेकेदार आपल्याच जिल्ह्यातले निघाले: बेलापूरचे आप्पासाहेब. सरकारनं त्यांना सावरीचा कापूस मोजून दिला होता. तो त्यांनी बाहेर विकला असणार आणि आत स्वस्त रुई कोंबली असणार. लढाईनंतर ही जाकिटं लिलावात लाँचवाल्यांनी घेतली. मी फिर्याद तयार करतो आहे. माणूस सुटणार नाही.

मोहियोद्दीन

*

केडगाव,
ता. २८ जानेवारी १९४९

मोहियोद्दीन,

शाबास. आठ महिन्यांत काल पहिल्यांदा मी पोटभर जेवले.

आप्पासाहेबांना मी ओळखते. लढाईत नगरला त्यांचा मुक्काम असायचा, तेव्हा गल्लीतल्या बऱ्याच घरांत त्यांनी काम दिलं होतं, आमच्याकडेही. आमच्याकडे फौजी इस्पितळाच्या उशा भरायला होत्या. गोड बोलणारा माणूस. आमच्या घरात बसून चहा पिऊन गेला आहे.

आमच्या बानूच्या होणाऱ्या मावससासूला भेटायचं निमित्त काढून मी आगगाडीनं बेलापूरला जाऊन आले. स्टेशनावरून टांगा केला आणि टांगेवाल्यालाच त्यांचं घर विचारलं. दोन मजले नवे चढवलेत. अंगणात मांडवाचे वासे येऊन पडलेत. थोरल्या राधाकृष्णचं लग्न आहे, दोन मेला. टांगेवाला म्हणाला, "लई मोठी सोयरीक हाय, नाशिकचे लोक हायेत. दोन हजार पान उठंल." मुलगा ओट्यावर उभा होता. कादरच्याच उंचीचा. त्याच्याकडे बघून माझ्या मनात काय आलं ते लिहिण्याजोगं नाही.

म्हणून मी एक मागते. लहानपणापासून मी तुझ्याकडे काही मागितलं नाही. आत्ता फिर्याद टाकू नकोस. टाकलीस तर तो वकील लावेल, लग्न लवकर उरकून घेईल आणि पैसेवाला आहे, जामिनावर सुटून पंगतीत वाढेल. दोन मेला टाक. पोलीस त्याला मांडवातून नेऊ देत. नवरदेवाच्या डोक्याला मुंडावळ्या असताना, नाशिकचे व्याही बघत असताना. मी टांग्यात बसून बघेन. मग माझं डोकं शांत होईल.

कादरच्या अब्बांना यातलं काही सांगितलं नाही. त्यांना अजून वादळच वाटतं. सकाळी धुनकी घेतात आणि दिवसभर लोकांचा कापूस पिंजतात, कुणाशी बोलत नाहीत.

आणि हे बघ, तू पिंजाऱ्याचा मुलगा असलास तरी शाळेत गेलास, तुला कापसातलं कळत नाही. त्यातली एक पिशवी मला पाठव. ती स्वस्त रुई कुठल्या गिरणीची ते मी हात लावून सांगेन.

शरिफा

*

मुंबई,
ता. ८ फेब्रुवारी १९४९

प्रिय आपा,

तुझ्या पत्रावर मी दहा दिवस विचार केला.

अडचण एकच आहे, तीही तुला उघड सांगतो. या मालातली दोनशेच्या आसपास जाकिटं आज अकरा लाँचींवर आहेत. नियमानं मी ती त्याच दिवशी उतरवायला हवी होती. पण उतरवायची तर सगळ्या लाँचवाल्यांना हुकूम काढावा लागतो, त्यात कारण आणि ठेकेदाराचं नाव द्यावं लागतं, तो हुकूम धक्क्यावर चिकटवतात. दुसऱ्या दिवशी बातमी बेलापुरात पोचेल. मग तुझा मांडव राहिला बाजूला.

समुद्र आता मेपर्यंत तळ्यासारखा असतो. वादळी दिवस मे संपताना येतात. दोन मेला फिर्याद आणि त्याच दिवशी हुकूम, असं ठरवलं आहे. हुकूम लिहून माझ्या खणात कुलपात ठेवला आहे. तारखेची जागा कोरी आहे.

मलाही ते हवं आहे, आपा. मी साळसूदपणा करत नाही. कादरच्या चेहऱ्यावरची वाळू मी हातानं पुसली.

पिशवी टपालानं पाठवतो आहे. असं करणं कायद्यात बसत नाही, तेव्हा कुणाला दाखवू नकोस. आणखी एक. खटल्यात कापूस ओळखणारा जाणता माणूस उभा करावा लागेल. दुल्हेभाईंसारखा कसबी सबंध जिल्ह्यात नाही. त्यांना मुंबईला आणता येईल का?

मोहियोद्दीन

*

केडगाव,
ता. १७ मार्च १९४९

मोहियोद्दीन,

पिशवी पोचली. उत्तराला उशीर झाला, बानूला ताप होता.

कादरच्या अब्बांना मुंबईला बोलावू नकोस. त्यांना प्रवास सोसत नाही आणि कोर्टात बोलणं त्यांना जमणार नाही. दुसरा कुणी बघ. मुंबईत पिंजारी काय थोडे आहेत? नाहीतर जाणत्या माणसाशिवायच चालव.

रुई कुठली ते ओळखू आलं नाही. भिजून खराब झाली आहे.

इथं पाण्याचे हाल सुरू झालेत. गोजरबाई माहेरी पारनेरला जाऊन आली, तिकडं याहून वाईट आहे म्हणते.

शरिफा

*

मुंबई,
ता. २६ मार्च १९४९

प्रिय आपा,

तुझं पत्र वाचून मी हादरलो. हे तुझं लिहिणं नव्हे. मला एकच अर्थ लागतो: आप्पासाहेबांची माणसं तुझ्याकडे येऊन गेली. तुला दम भरला का? बानूच्या लग्नात मोडता घालू म्हणाले का? काय असेल ते लिही.

मी असं म्हणतो त्याला कारण आहे. त्यांना कुठून तरी कुणकुण लागली असावी. परवा ते स्वतः कचेरीत आले. धोतर, कोट, हातात पागोटं. मला "रावसाहेब" म्हणाले. म्हणाले, "त्रेचाळीसच्या मालाची काही चौकशी चालू आहे असं ऐकतो. देवाशपथ सांगतो, सावरीचा एक तोळा मी इकडचा तिकडं केला नाही. मिळाला तेवढा सगळा आत गेला." मी त्यांना बसा म्हटलं नाही. चपराश्याला बोलावून बाहेरचा रस्ता दाखवला. आणि खरं सांगतो, मला इतकं बरं वाटलं की, दुपारभर मी एकटाच हसत होतो.

तेव्हा भिऊ नकोस. चौकशी कसली हे त्यांना माहीत नाही. फिर्यादीत स्वच्छ लिहिलं आहे: सरकारी सावर विकून खाल्ली आणि हलकी रुई भरून नऊ माणसांचे जीव घेतले. सात वर्षांना मरण नाही. दोन मे आता पाच आठवड्यांवर आहे.

मोहियोद्दीन

*

केडगाव,
ता. ५ एप्रिल १९४९

मोहियोद्दीन,

मला कुणी दम भरलेला नाही. मला दम भरणारा अजून जन्मायचा आहे. हे पत्र वाच आणि चुलीत घाल.

तुझी पिशवी आली तेव्हा घरात मी एकटी होते. तोंडाचा टाका बघितला आणि उजेडात नेऊन पुन्हा बघितला. गाठ आतल्या अंगाला वळवलेली होती. अशी गाठ आपल्या गल्लीत एकच माणूस घालतो, आणि त्याच्याशी माझं लग्न झालं आहे.

मागं मी तुला उशांचं लिहिलं होतं. त्रेचाळीसच्या दिवाळीत आप्पासाहेबांनी लहान लहान पिशव्या आणि सावरीची पोती आणून टाकली. म्हणाले, फौजी इस्पितळाच्या उशा आहेत, जखमी शिपायांच्या मानेखाली ठेवतात. जाकीट, समुद्र, लाँच, यातला एक शब्द बोलले नाहीत. आता कळतं का ते. तो माल कारखान्यात सरकारी माणसापुढं भरायचा ठराव असणार आणि ह्यांनी तो आमच्या ओट्यावर आणून टाकला, म्हणून तोंड शिवलं.

हजार पिशव्या आम्ही दोघांनी भरल्या. पहिल्या दहा झाल्यावर कादरच्या अब्बांनी एक मानेखाली घेऊन बघितली आणि उठून बसले. म्हणाले, "ही काय उशी झाली? सावर सरकती. मान खाली जाती, गोळे हुत्यात. गोळी लागल्याला मानूस यावर निजंल कसा?" मी म्हटलं, दिलंय तेवढं भरा. ते म्हणाले, "माज्या हातची उशी हाय. शिव्या मला बसत्याल." आणि बानूच्या लग्नाच्या गाद्यांसाठी चार वर्षं साठवलेली रुई काढली. नंबर एकची, लांब धाग्याची. ती पिंजून प्रत्येक पिशवीच्या गाभ्यात घातली, वर सावर लपेटली. सावर उरली ती वाया जाऊ नये म्हणून पिशव्या आणखी ठासून भरल्या. मानेला टोचू नये म्हणून गाठी आत वळवल्या. हलकी रुई म्हणतोस तू. तिला हात लावून बघितलं असतंस तर कळलं असतं. आणि बोचकी गाडीत चढवायला कादर होता. चौदा वर्षांचा होता तेव्हा.

आप्पासाहेबांनी खरंच एक तोळा चोरला नाही. मला हे दीड महिना ठाऊक आहे. मी गप्प बसले. का, ते तुला सांगते आणि तुझ्यापासून लपवत नाही: मला तो तरीही जळायला हवा आहे. 'हे जहाजावर जायचं आहे' एवढं एक वाक्य तो बोलला असता तर माझ्या नवऱ्यानं जीव गेला तरी रुई घातली नसती. त्या एका वाक्यासाठी कायद्यात किती शिक्षा आहे? दंड करतील आणि सोडतील. तो घरी जाऊन सुनेच्या हातचं जेवेल. चोरीला सात वर्षं आहेत. मग चोरीच असू दे.

ती पिशवी मी जाळली. टाका ओळखणारी मी एकटी. तू काही बदलू नकोस. फक्त दोन मेला सही कर.

शरिफा

*

मुंबई,
ता. १३ एप्रिल १९४९

आपा,

पहिल्या रागात मी तुला लिहिणार होतो की, मी या खुर्चीवर खोट्या कागदावर सही करायला बसलो नाही. लिहिलंही, मग फाडलं. कारण कागद आधीपासून माझ्याच अक्षरात आहे. चोरीचा अंदाज माझा. मी एकालाही विचारलं नाही, एक साक्ष घेतली नाही. मला तो माणूस चोर हवा होता.

काल खणातला हुकूम बाहेर काढला. आज तारीख घालून लावला तर त्यात कारण काय लिहू? खरं लिहिलं तर फिर्याद मोडते आणि दुल्हेभाईंचं नाव येतं. खोटं लिहिलं तर लग्न हुकतं. बाहेर पाणी इतकं संथ होतं की, होड्यांच्या डोलकाठ्या हलत नव्हत्या.

पुन्हा खणात ठेवला. एकोणीस दिवसांचा प्रश्न आहे. तुझ्या मनासारखं होईल. यानंतर माझ्याकडे काही मागू नकोस.

मोहियोद्दीन

*

मुंबई,
ता. २५ एप्रिल १९४९

आपा,

गुरुवारी, एकवीस तारखेला, दिवसाढवळ्या कोकणातून येणाऱ्या एका लाँचीच्या इंजिनाला आग लागली. वारा नव्हता, लाट नव्हती. मी समुद्राच्या शांतपणावर विसंबलो होतो, आणि आगीला समुद्राशी काय देणंघेणं. लाँच चालवणारा सारंग हुशार होता. त्यानं घाईगर्दी होऊ दिली नाही. नियमाप्रमाणे आधी बायकांना जाकिटं बांधली, गाठी तपासल्या आणि पाण्यात उतरवलं. जाकिटं बावीस होती, त्यांतली सहा आपल्या शिक्क्याची. पुरुष फळ्या, पिंपं, जे मिळेल ते धरून राहिले. मदतीची होडी पावणेदोन तासांनी पोचली.

फळीवाले सगळे वाचले. सहा जणींतल्या दोघींना शेजारच्यांनी धरून ठेवलं. चार गेल्या. त्यांतली एक बावीस वर्षांची होती, बाळंतपणाला माहेरी मुंबईला येत होती. सारंग मला सांगत होता, ती ओरडत होती की, हे काढा, हे मला खाली नेतंय. आणि तो तिला वरून सांगत होता, सोडू नको बाई, त्यानंच जीव वाचेल.

मी हुकूम त्याच दिवशी लावला. एका दिवसात सगळी जाकिटं उतरली. एक दिवस लागला, आपा. अडीच महिने तो कागद माझ्या खणात होता.

काल सरकारला सगळं लिहून दिलं. जानेवारीत मला कळलं होतं, हौदात मी स्वतः बघितलं होतं आणि एका लग्नाची तारीख गाठायची म्हणून मी थांबलो, हे लिहिलं. चोरीची फिर्याद फाडून टाकली. आप्पासाहेबांवर आता एवढंच आहे की, माल कारखान्याबाहेर भरून घेतला आणि कशासाठी ते लपवलं. तुझं नाव मी घातलेलं नाही. दुल्हेभाईंचं घालावं लागेल. ते त्यांना तूच सांग. माझी खुर्ची येत्या सोमवारी जाईल, बहुतेक मीही आत जाईन.

त्या मुलीची आई कचेरीच्या पायरीवर येऊन बसते. गिरगावात राहते. तिला कारकुनांनी अजून काही सांगितलेलं नाही. ती कुणाशी भांडत नाही. माझी गाडी आली की उभी राहून माझ्याकडे बघते. मी मागच्या दारानं जातो.

मोहियोद्दीन

*

केडगाव,
ता. ३ मे १९४९

मोहियोद्दीन,

काल लग्न झालं. मी गेले नव्हते. गोजरबाईच्या भाच्यानं सांगितलं, दोन हजारांच्या वर पान उठलं.

तुझं पत्र आलं त्या दिवशी दुपारी मी कादरच्या अब्बांना सगळं सांगितलं. त्यांनी धुनकी बाजूला ठेवली. मी सांगत होते आणि ते माझ्या तोंडाकडे बघत होते, मी दुसऱ्याच कुणाबद्दल बोलते आहे असं. शेवटी एवढंच विचारलं, "हजारच्या हजार?" मी म्हटलं, पहिल्या दहा सोडून. मग त्यांनी बोटांवर त्या दहा मोजल्या. उठले आणि ट्रंकेतला सदरा काढायला लागले. मी विचारलं, कुठं? म्हणाले, "मुंबईला. त्या आप्पासायबानं सरकारची सावर चोरली न्हाई, हे सांगाया नको का कुनी? फिर्याद फाडली तरी मानसाच्या नावाला खोटा डाग ऱ्हातुया."

मी त्यांच्यावर ओरडले. ज्यानं आपल्या पोराला मारलं त्याच्या बाजूनं बोलायला निघालात? तेव्हा ते पहिल्यांदाच माझ्यावर आवाज चढवून बोलले. "पोराला मी मारलं. त्येनं फकस्त मला सांगितलं न्हाई. आन तू मला सांगितलं न्हाईस, म्हनून आनिक चार गेल्या. आता तुजं आन त्येचं काय येगळं ऱ्हायलं?"

भाड्याचे पैसे जमवायला चार दिवस गेले, आज मी भाकरी बांधून दिल्या. उद्या सकाळच्या गाडीनं ते निघतील, हे पत्र त्यांच्याच हाती देते आहे, त्यांना तुझ्याकडे उतरवून घे.

मी बसून पुष्कळ विचार केला. मला आप्पासाहेबांचा राग अजून आहे. तो जात नाही, जाईल असं वाटतही नाही. राग गेला असं मी लिहिलं तर ते खोटं होईल. पण दोन मेपर्यंत थांब, असं तुला आप्पासाहेबांनी सांगितलं नव्हतं. तू म्हणतोस, माझं नाव घातलं नाहीस. का? मोठी बहीण म्हणून? सरकारी कागदात घालायचं नसेल तर घालू नकोस. ती बाई पायरीवर बसते, तिला मात्र सांग. मागच्या दारानं जाऊ नकोस. तिच्यासमोर उभा राहा आणि माझी सगळी पत्रं तिच्या हातात दे, जाळ म्हटलेलं सुद्धा. जाळलं नसशील, मला ठाऊक आहे. तिला वाचता येत नसेल तर वाचून दाखव.

आणि माझा पत्ता लिहून दे. नगर स्टेशनावर उतरून केडगावात चांदभाई पिंजाऱ्याचं घर कुणीही दाखवेल. तिला यायचं असेल तेव्हा येऊ दे. तिला माझ्याबद्दल काय वाटेल, माझं काय व्हावं असं वाटेल, ते मला समजावून सांगायला नको. ते सगळं मला तोंडपाठ आहे.

शरिफा